हरळी, दूर्वा आणि बर्म्युडा

भिकूतात्या माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी तळवे. आरे-वारेच्या रस्त्यावर, सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, गोल्फ मैदानात गवत राखायचं काम त्यांच्याकडे. मी तिथल्या ऑफिसातला कारकून. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नाल ठोकायला आणलेल्या बैलासारखा पाय वर करायला लावला.

“काल पालीला गेलावतात काय?”

“हो. कसं कळलं?”

“बाजारातलं बी चिकाटलंय. काढा चपला!”

पावसाळ्यात गवताबरोबर तात्यांचा संशयही वाढतो. गवत रोज कापावं लागतं, आणि कुणाच्या बुटाला चिकटून आलेली बुरशी आठ दिवसांत हिरवळ पिवळी करते. त्यामुळे मॅनेजर असो की मुंबईचा पाहुणा, तळवे वर! कुणी चिडलं तर म्हणतात, “बुरशी काय पास काढून येते?”

मला गवतातलं काही कळत नाही. एकदा तात्यांची मागणी आली: ‘बर्म्युडा, दोन पिशव्या.’ म्हातारा मैदानाच्या नावावर चड्ड्या मागवतोय, अशी माझी खात्रीच झाली. मी शेरा मारला, ‘कंबरेचे माप कळवावे.’ कागद मॅनेजरकडे गेला. ऑफिसातलं हसू अजून थांबलेलं नाही.

शेवटी तात्यांनीच मला शहाणं केलं. “शेतात आली की हरळी, उपटून टाकाची. देवाला वायली की दूर्वा. नि सायबानी तिच्यावर चेंडू मारला की बर्म्युडा. समाजलाव?”

अपमान झाला की माणूस गुप्तहेर होतो. मी तात्यांवर नजर ठेवली. भाद्रपद तोंडावर आला आणि घबाड सापडलं. चेंडू घालायच्या पाचव्या खड्ड्यामागे एक पट्टा न कापलेला, घोट्याएवढा वाढलेला! म्हातारा बाजारात दूर्वा विकतो, दुसरं काय? मी तडक मॅनेजरच्या कानावर घातलं. हुकूम सुटला, पट्टा उद्या कापा.

हुकूम घेऊन मीच गेलो, मिशीत हसत. तात्या ऐकून गवतातच बसले.

“शनवारपर्यंत ठेवा वो.”

“का? शनिवारी गिऱ्हाईक येतं वाटतं?”

“मुंबैची गाडी रिकामी परत जाते.”

गणपतीला सगळी मुंबई कोकणात उतरते, परतीच्या एस.टी. मोकळ्या धावतात. तात्यांचा मुलगा मात्र, त्यांनीच सांगितलं, तीन वर्षं आलेला नाही. शेवटचा आला तेव्हा त्याच्या चपलेला शेताच्या बांधावरची माती दिसली. तात्या मखरासमोरच, सगळ्यांच्या देखत म्हणाले, “तू गणपतीला नाय आलास. जमीन मोजाला आलास.”

पोरगा बांधावर दूर्वा काढायला गेला होता. त्याने हातातली जुडी पाटावर ठेवली आणि बायको-मुलांना घेऊन निघून गेला. पुढच्या वर्षी त्याने मुंबईतच गणपती बसवला.

मी मॅनेजरकडे परत गेलो. म्हटलं, पट्ट्यावर औषध मारलंय, शनिवारपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही.

“कसलं औषध?”

“बर्म्युडावरचं.”

तो पोट धरून हसला आणि पुढचं विचारायचं विसरला.

शनिवारी मी तात्यांबरोबर स्टँडवर गेलो. हळदीच्या पानांत गुंडाळलेल्या दूर्वांच्या जुड्या, वरून ओलं फडकं. दर वर्षी हाच ड्रायव्हर असतो म्हणे. तात्यांनी पुडकं त्याच्या हातात दिलं. “परेलला पोरगा येल. निरोप धाडलाय.” ड्रायव्हरने मान हलवली. गाडी सुटली.

“दर वर्षी येतो ना तो घ्यायला?” मी विचारलं.

“ठाव नाय.”

“अहो, मग ड्रायव्हरला विचारायचं!”

गाडी फाटकातून वळेपर्यंत तात्या तिच्याकडे बघत राहिले.

“इचारला, नि तो ‘नाय’ बोलला, तर फुडच्या साली मी काय पाठवू?”