खुर्चीमुक्त आठवडा

सोमवारी सकाळी लिफ्ट दुरुस्तीच्या त्या ऑफिसात एकही खुर्ची जागेवर नव्हती. चोरी झाली असती तर निदान तक्रार तरी करता आली असती. पण खुर्च्या खुद्द साहेबांनीच काढायला लावल्या होत्या. आदल्या दिवशी ते आरोग्यावरचं कुठलंसं व्याख्यान ऐकून आले होते, आणि साहेबांनी काही ऐकलं की त्याची फळं ऑफिसला भोगावी लागत.

"बसून बसून माणूस संपतो," साहेबांनी जाहीर केलं. "हा आठवडा खुर्चीमुक्त. काम उभ्यानं करायचं, तासातासाला पाणी प्यायचं आणि कुठंही जा, जिनाच चढायचा. लिफ्टचं नाव काढायचं नाही."

"साहेब, आपला धंदाच लिफ्टचा आहे," हिशेब बघणारे काका दबकत म्हणाले.

"लोकांनी जावं हो लिफ्टनं! आपण जिन्यानं." एवढं बोलून साहेब पलीकडच्या गल्लीतल्या ग्राहकाला भेटायला निघाले. सातव्या मजल्यावर आणि अर्थातच जिन्यानं, हे त्यांनी दारातून पुन्हा ऐकवलं.

खुर्च्या ठेवायच्या कुठं, हा प्रश्न मेकॅनिकच्या गळ्यात पडला. त्याच्या खिशात सदा पाना असायचा, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणत. मागची खोली लिफ्टच्या जुन्या मोटरी आणि तारांनी खचाखच भरलेली. पुढच्या पायऱ्या अडवून चालणार नव्हतं. राहिला बाजूचा रॅम्प. पानानं एकीत एक अडकवून सगळ्या खुर्च्या तिथं रचल्या.

"इथून कोण येतंय-जातंय?" तो म्हणाला.

खरंच कुणी येत नव्हतं. पण येणार कसं? आजवर त्या रॅम्पवर कधी खोकी असायची, कधी पानाची मोटरसायकल. रस्ताच बंद ठेवायचा आणि वर म्हणायचं, इकडून कुणी येत नाही. ही शहाणपणाची तऱ्हा काही त्याच ऑफिसची होती असं नाही म्हणा.

आणि नेमकी त्याच दिवशी नवी मुलगी कामावर यायची होती. तक्रारींचे फोन घेणाऱ्या ताई आता लेकीकडे राहायला जाणार होत्या, त्यांच्या जागेवर. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं फोनवर फार आरडाओरडा करतात, त्यांच्याशी शांतपणे बोलायचं, असं ते काम. साहेबांनी तिला फोनवरच निवडली होती. "मी व्हीलचेअर वापरते," असं तिनं आधीच सांगितलं तेव्हा साहेब छाती फुगवून म्हणाले होते, "आमच्याकडे रॅम्प आहे! आठवडाभर या, जमतंय का बघू."

त्या 'बघू'नं तिची झोप उडाली होती. अपघातानंतर दोन वर्षांनी हे पहिलं काम हाती आलं होतं. आई बरोबर यायला निघाली होती, पण तिनं आईला हट्टानं घरी बसवलं आणि एकटी आली. समोर बघते तर रॅम्पवर खुर्च्यांचा डोंगर.

"अरे देवा!" काकांनी कपाळाला हात लावला. "बाळ, थांब हं. पाना, तू तिकडून धर. आपण हिला खुर्चीसकट उचलून वर घेऊ."

"नको काका." तिचा आवाज मऊ होता, पण हात चाकांवर घट्ट होते. "दोन वर्षं मला सगळे उचलूनच नेतायत. कामाच्या पहिल्या दिवशी तरी माझी मी आत येऊ दे."

काकांना एकदम भरून आलं. ते सरळ बाह्या सरसावून खुर्च्यांना भिडले. पण पानानं त्या अशा काही अडकवल्या होत्या की एक ओढावी तर चार अंगावर. साहेबांची उंच पाठीची, चाकांची खुर्ची मात्र आपणहून सुटली, रॅम्पवरून घरंगळत रस्त्यावर गेली आणि बसस्टॉपपाशी थांबली. तिथं ताटकळलेल्या एका आजोबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि ते तिच्यात शांतपणे बसले.

तेवढ्यात आत फोन वाजला. सकाळपासून उभं राहून ताईंच्या पायांचे खांब झाले होते.

"अडकलायत ना? मग मी काय करू?" त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत आला. "त्यात घाबरायचं काय, मीही सकाळपासून उभीच आहे!"

नव्या मुलीनं मान वर केली. "ताई, मला द्या तो फोन."

ताईंनी बिनतारी फोन पायऱ्यांवरून खाली आणून तिच्या हातात ठेवला. फोनच्या स्पीकरमधून धापा टाकल्यासारखा आवाज आला. "मी गुदमरतोय! दार उघडत नाही! मी एक... एक ग्राहक बोलतोय!"

काकांच्या हातातली खुर्ची खाली पडली. पानानं तोंडावर हात दाबला. आवाज साहेबांचा होता.

"घाबरू नका," ती म्हणाली. "लिफ्टमध्ये हवा येत असते. तुम्ही कुठं आहात?"

"पलीकडच्या गल्लीत. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये."

"पानादादा, तुम्ही निघा." ती खुर्च्यांच्या ढिगाकडे न बघता म्हणाली. "माझं नंतर बघू." पाना हत्यारांची पिशवी घेऊन पळाला. "माणूस निघालाय," ती फोनवर म्हणाली. "आता तुम्ही खाली बसा."

"बसू?" साहेब कळवळले. "बसणं तब्येतीला वाईट असतं हो."

"थोडा वेळ चालतं. पाय पसरा, पाठ टेकवा. हळू श्वास घ्या."

पलीकडे धप्प आवाज झाला. मग बराच वेळ फक्त श्वास ऐकू येत राहिला. तो हळूहळू संथ झाला.

"बरं वाटतंय," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "तुम्ही बोलत राहा. एकटं अडकलं की फार वाईट वाटतं."

"माहिताय मला. मीही आत्ता अडकलेय."

"तुम्ही? कुठं?"

"ऑफिसच्या रॅम्पखाली. वर कुणीतरी खुर्च्या रचून ठेवल्यात."

"कोण शहाणा तो?" साहेब उसळले. आणि मग फोनवर अशी शांतता पसरली की ताईंना वाटलं, लाइनच गेली.

"तिथल्या लोकांना सांगा," शेवटी साहेबांचा पडलेला आवाज आला, "सगळ्या खुर्च्या आत न्या म्हणावं. ज्याची त्याच्या जागेवर. रॅम्पवर टाचणीसुद्धा राहता कामा नये."

"सांगते. ग्राहकाचा शब्द आम्ही मोडत नाही," ती म्हणाली.

मग काय, ऑफिसला चेव आला. काकांनी दोन-दोन खुर्च्या बगलेत मारल्या, ताई दुखऱ्या पायांनी धावल्या, बसस्टॉपवरच्या आजोबांनीही साहेबांची खुर्ची ढकलत परत आणली आणि दोन खुर्च्या जास्तीच्या उचलल्या. रॅम्प मोकळा झाला. ती चाकं फिरवत वर निघाली. चढ जरा उभा होता, मध्यावर चाकं अडली. काकांचे हात पुढे झाले आणि त्यांनीच ते पाठीमागे बांधून घेतले. ती आत आली तेव्हा ताईंनी न राहवून टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास पाना आणि त्याच्यामागून साहेब परतले. कपड्यांना धूळ, केस विस्कटलेले. सगळे खुर्च्यांवर बसले होते, पण साहेबांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

"उशीर झाला," ते घसा साफ करून म्हणाले. "सात मजले जिन्यानं चढलो ना."

पाना छताकडे बघू लागला. सगळ्यांचे कान नव्या मुलीकडे लागले.

"हो साहेब, आवाजावरूनच कळलं," ती गोड हसून म्हणाली. "मला तर पहिल्या वाक्यालाच कळलं होतं."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी खुर्ची ओढली आणि ते तिच्या टेबलासमोर बसले.

"ते आठवडाभर बघू म्हणालो होतो ना मी," ते हळूच म्हणाले, "ते बघून झालं."