उजवा हात रजेवर

रविवारी दुपारी एबो आर्कोफुलचा उजवा हात मुसळाखाली सापडला. यात आपली काहीएक चूक नाही, हे त्याच्या बायकोने संध्याकाळपर्यंत शेजारीपाजारी चार घरांत जाऊन सांगितलं होतं.

तसं एकुआचं खरंच होतं. फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदांचा गोळा, कुटायला दोन माणसं लागतात. एकाने मुसळ मारायचं आणि दुसऱ्याने दोन घावांच्या मधे उखळातला गोळा हाताने फिरवायचा. समुद्रकाठच्या एल्मिनातली पोरं चालायला लागतात त्याच सुमारास हा ताल शिकतात. पण एबोच्या डोक्यात मंगळवारची परीक्षा घोळत होती. गोळा फिरवता फिरवता तो गावच्या किल्ल्याच्या तारखा घोकत होता. "चौदाशे ब्याऐंशी, पोर्तुगीज. सोळाशे सदतीस, डच. अठराशे..." इथे गाडी अडली. आठवायला म्हणून तो थांबला, आणि हात उखळातच राहिला.

"अठराशे बहात्तर, इंग्रज!" हे त्याला आठवलं, पण तो इतक्या जोरात ओरडला की शेजाऱ्यांना वाटलं, इंग्रज परत आले.

हाडवैद्याने मनगटाला झाडपाल्याचा हिरवा लेप थापला, पांढऱ्या फडक्याने बांबूच्या पट्ट्या बांधल्या आणि तीन आठवडे हात हलवायचा नाही असं बजावलं.

"तीन आठवडे? अहो, परवा परीक्षा आहे माझी!"

"मग परीक्षेला पाय घेऊन जा," हाडवैद्य म्हणाला.

एबो अकरा वर्षं किल्ल्यावर गाईड होता, आणि अकराही वर्षं हंगामी. किल्ला, खाडीवरचा पूल, टेकडीवरची गढी, मासळीबाजार, सगळं त्याला तोंडपाठ होतं. आता कुठे कायम नोकरीची एक जागा निघाली होती. मंगळवारी राजधानीतून, अक्र्याहून परीक्षक येणार, त्याच्याबरोबर गावभर फिरणार आणि गुण देणार. त्यातले वीस गुण 'हाताने स्पष्ट निर्देश' यासाठी राखीव होते. शिवाय अर्जाचं सातवं कलम म्हणत होतं की उमेदवार सर्वांगाने धडधाकट असावा. मागच्या खेपेला लंगडणाऱ्या एका उमेदवाराला फाटकातूनच परत धाडलं होतं. त्या बिचाऱ्याला नुसते नवे बूट चावत होते.

"सरळ खरं सांगून टाक," एकुआ म्हणाली. "हात दुखावलाय, डाव्याची माफी असावी, एवढं म्हटलं की झालं. कोण नाही म्हणतं?"

"आणि सातवं कलम?"

"मग बाजारात डावा हात वर करून बघ. एसीमावशी खवल्यांसकट सोलून ठेवील तुला."

तीच तर अडचण होती. एल्मिनात डाव्या हाताने द्यायचं नाही, घ्यायचं नाही, बोट दाखवायचं नाही. वडीलधाऱ्यांसमोर तर तो हात आपल्याला आहे हेही फारसं जाणवू द्यायचं नाही. दुखणाईताला सूट असते. आधी माफी मागितली की कुणी मनावर घेत नाही. पण धडधाकट माणसाला सूट नाही. आणि एबोला काही करून धडधाकट दिसायचं होतं.

त्याने शेजाऱ्याकडून उत्तरेकडचा एक ढगळ सदरा मागून आणला. त्याच्या बाह्या एवढ्या रुंद की उजव्या बाहीत बांबूच्या पट्ट्यांसकट आणखी एक कोंबडीही मावली असती. सदरा जाडाभरडा, हातमागाचा. मंगळवारचं ऊन किनाऱ्यावरचं. एबो फाटकापाशी उभा राहिला तेव्हाच अर्धा वितळला होता.

परीक्षक म्हणजे श्रीमती अग्बेको. एबो मनातल्या मनात त्यांना अग्बेकोबाई म्हणू लागला, कारण चेहरा पाहताच शाळा आठवली. काखेत जाडजूड फाईल, डाव्या कानावर खोचलेलं पेन. त्यांनी उजवा हात पुढे केला. एबोने चटकन कमरेत वाकून इतका खोल नमस्कार केला की बाईंना हात मागे घ्यावा लागला.

"एवढं वाकायची गरज नाही."

"पाहुण्यांचा मान असतो, बाई."

बाईंचा हात पेनाकडे गेला. फाटकाशी पहारेकरी उभे होते, फळवाल्या उभ्या होत्या. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. एबोने ते पाहिलं. एक शब्दसुद्धा लिहिला नाही! म्हणजे सुरुवातीलाच भोपळा.

किल्ल्यातून बाहेर येऊन दोघं पुलावर आले तेव्हा बाईंनी विचारलं, "डचांनी तोफा कुठल्या टेकडीवर चढवल्या?"

"त्या तिकडच्या."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"माझी हनुवटी आहे ना, तिच्या नाकासमोर."

"तुमच्या हनुवटीला नाक आहे?"

एबोने मान ताणली, मग डावं कोपर उचललं, मग सगळाच्या सगळा त्या दिशेला वळला. शेवटी तो जीव तोडून बोलू लागला. "ती बघा, जिच्या उतारावर दोन बकऱ्या भांडताहेत. काळी बकरी आत्ता हरली ना, तिच्या वर चार हात. तिथून तोफेचा गोळा सुटला की आपण उभे आहोत तिथल्या माणसाला पळायला फक्त समुद्र उरायचा." बाई डोळे किलकिले करून बराच वेळ बघत राहिल्या. पेनाला मात्र हात नाही. पुलावर गर्दी होती.

पुढे जुन्या लढाऊ पथकाचं देवस्थान. दारावर सिमेंटचं जहाज आणि त्यावर सिमेंटचेच खलाशी. तिथले राखणदार क्वामिनाआजोबा. त्यांनी पूर्वजांच्या नावाने जमिनीवर दारूचे चार थेंब ओतले आणि उरलेला पेला एबोपुढे धरला. पेला घ्यायचा तर उजव्या हाताने.

"नको आजोबा. मंगळवारी मी घेत नाही. समुद्राचा सुट्टीचा दिवस."

"मग गेल्या मंगळवारी इथे बसून कोण ढोसत होतं? तुझं भूत?"

"तेव्हापासूनच सोडली, आजोबा."

"चांगलं आहे! पूर्वजांना नाही म्हणतोस. उद्या मला ओळख दाखवू नकोस," असं म्हणून आजोबांनी पेला स्वतःच रिकामा केला. बाई फाईल काखेत घट्ट धरून पुढे निघाल्या. एबोने मनातल्या मनात गुणांतून आणखी दहा कापले.

मंगळवारी एल्मिनात कुणी समुद्रावर जात नाही. अक्र्यात ज्यांनी परीक्षेची तारीख ठरवली, त्यांच्या हे गावीही नव्हतं. त्यामुळे सगळे कोळी जाळी विणत काठावर बसले होते आणि करमणुकीची वाट पाहत होते. एबो पाहुणीला घेऊन मासळीबाजारात शिरला तसे ते जाळी घेऊनच मागे आले.

बाजारात मधोमध उंच स्टुलावर एसीमावशी बसली होती. बाजारची राणी. मासळीचा भाव ती ठरवायची, भांडणं ती मिटवायची आणि कधीकधी मिटवायला नसली तर लावूनही द्यायची. तिच्या उजव्या बाजूला तिसऱ्या पाटीवर एकुआ धुरावलेली मासळी मांडून बसली होती. नवऱ्याला पाहून तिने डोळ्यांनीच विचारलं, काय? एबोने डोळ्यांनीच सांगितलं, मेलो.

"या बाई, या," एसीमावशी म्हणाली. "आमचा एबो किल्ला दाखवतो ते ठीक, पण किल्ल्याला खायला कोण घालायचं? हा बाजार! हे नाही सांगणार तो."

"सांगणार ना मावशी," एबो म्हणाला, आणि तेवढ्यात माश्या आल्या.

हाडवैद्याच्या लेपाला दोन दिवस झाले होते, त्यात घामाची भर पडलेली. आख्ख्या मासळीबाजारात माश्यांना त्या बाहीइतकं आवडीचं काहीच मिळालं नाही. एक बाहीत शिरली, एक कानावर बसली, आणि तिसरी, सगळ्यांत निर्लज्ज, नाकाच्या शेंड्यावर. एबोने फुंकर मारली. नाक आकसलं. ओठ वाकडे केले. एसीमावशीला वाटलं, हा आपल्याला वाकुल्या दाखवतोय. तिने पुढे वाकून "काय रे?" म्हणायला आणि एबोचा संयम सुटायला एकच गाठ पडली. डावा हात उसळला, माशी उडाली, आणि उघडा पंजा बाजारच्या राणीच्या नाकावरून वीतभर अंतराने सप्पकन निघून गेला.

सुऱ्या थांबल्या. बोलणं थांबलं. एकुआने पदर तोंडात कोंबला.

"डावा?" एसीमावशी हळू आवाजात म्हणाली. ती हळू बोलली की बाजार घाबरायचा. "मला? डावा पंजा? धडधाकट बाप्या, परक्या बाईसमोर?"

"मावशी, माशी होती..."

"मी तुला माशी दिसते?"

"नाही मावशी! माशी वेगळी, तुम्ही वेगळ्या!"

"उतर खाली गुडघ्यावर. उजवा हात पुढे कर, माझ्या हातात दे आणि माफी माग. नाहीतर उद्यापासून एकही पाहुणा या बाजारात पाऊल टाकणार नाही."

बाजाराशिवाय गाईड म्हणजे गावाशिवाय किल्ला. एबोने बाईंकडे पाहिलं, एकुआकडे पाहिलं आणि बाहीतून पांढरं गाठोडं हळूच बाहेर काढलं. पण एसीमावशीला वाट बघायची सवय नव्हती. तिने ते गच्च धरून दाबलं.

"अठराशे बहात्तर!" एबोने टाहो फोडला.

"अगं बाई गं!" मावशीने हात सोडला. "मोडलाय की याचा! मेल्या, हात मोडला होता, तोंड नव्हतं ना मोडलं? सांगायला काय झालं होतं?"

"मी रविवारपासून तेच सांगतेय," एकुआ उठून म्हणाली. "आणि मुसळ माझं होतं, पण चूक याची."

आता अग्बेकोबाई पुढे आल्या. "म्हणजे सकाळपासून तुम्ही हे लपवत होता?"

"हो, बाई." एबो गुडघ्यावरच होता. "सातवं कलम आहे. अकरा वर्षं हंगामी आहे बाई मी. दर सहा महिन्यांनी घरी जाऊन सांगतो, अजून काढलं नाही. पोरं आता विचारतसुद्धा नाहीत." माशी पुन्हा नाकावर येऊन बसली, पण या वेळी त्याने तिला बसू दिलं.

बाजाराचं मत मासा उलटावा तसं उलटलं. ज्या बायका मघाशी एबोला खाऊ की गिळू करत होत्या, त्या बाईंभोवती गोळा झाल्या.

"बाई, कागद काढा," एसीमावशीने हुकूम सोडला. "आत्ताच्या आत्ता गुण मांडा, आमच्यासमोर."

"मी कार्यालयात गेल्यावर भरीन."

"अक्र्याला गेलेले कागद परत येत नाहीत. पेन कानावर आहे, फाईल काखेत आहे. अडलंय कुठे?"

बाईंच्या कपाळावर घाम फुटला. त्यांनी पेन उजव्या हातात घेतलं, फाईल पाटीवर ठेवली आणि एक अक्षर काढलं. ते अक्षर अंगणात चालून गेलेल्या खेकड्यासारखं दिसत होतं. दुसरं काढताना पेन बोटांतून निसटून मासळीत पडलं. बाई तशाच वाकून उभ्या राहिल्या.

"डाव्याची माफी असावी," शेवटी त्या म्हणाल्या. परीक्षकाचा आवाज कुठे गेला कोण जाणे. "मी डावरी आहे. शाळेत बोटं सुजेपर्यंत छड्या खाल्ल्या. उजव्याने जेवायला शिकले, हात मिळवायला शिकले. लिहायला काही जमलं नाही. दार लावून लिहिते."

एबो बघतच राहिला. म्हणजे सकाळपासून भोपळा नव्हता तर! कोरा कागद होता, एवढंच.

एसीमावशी स्टुलावर बसली आणि विचार करू लागली. रीत ती रीत. दुखणाईताला माफी होती. पण या बाईला दुखत काहीच नव्हतं. बाजारात एका डाव्या हाताला सोडलं, तर उद्या प्रत्येकजण डाव्या हाताने पैसे फेकील. कोळ्यांनी जाळी खाली ठेवली. मग मावशी उठली.

"बायांनो, पाठ फिरवा. आणि तुम्ही पण रे, जाळीवाले! न पाहिलेल्या हाताचा राग कसला यायचा?"

सगळा बाजार फिरला. शंभरेक पाठी, रंगीबेरंगी, मासळीच्या वासाच्या, समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. एबोही फिरला, पाहुण्याकडे पाठ करायची त्याची अकरा वर्षांतली ही पहिलीच वेळ. मागून फक्त पेनाची कुरकुर ऐकू येत होती. ती भराभर चालली होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती.

"झालं का बाई?" मावशीने समुद्राला विचारलं.

"अजून एक पान."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. एबो आर्कोफुल कायम झाला; सातव्या कलमाचं त्यात नावही नव्हतं. एकुआने रस्त्यावर नाच केला, हाडवैद्याने पट्ट्या सोडल्या, क्वामिनाआजोबांनी जुनं विसरून पेला भरला आणि एबोने तो उजव्या हाताने घेतला. दुसऱ्या दिवशी कायम नोकरीचा पहिला गट पुलावर आला. एबोने तीन आठवडे कोंडलेला उजवा हात ताठ वर केला, बोट सरळ टेकडीवर रोखलं आणि म्हणाला, "ती बघा..."

"हात खाली!" मागून किल्ल्याचे साहेब धावत आले. त्यांच्या हातात अक्र्याहून नुकतंच आलेलं परिपत्रक होतं. "वाचलं नाहीस? एल्मिनाच्या एका उमेदवाराचं काम पाहून नवा नियम केलाय. यापुढे कुठल्याही गाईडने हाताने निर्देश करायचा नाही. हनुवटी, कोपर आणि वर्णन, एवढंच. म्हणे पाहुणा स्वतः बघायला शिकतो."

एबोने परिपत्रकाखालची सही पाहिली. अक्षर मोठं सुरेख होतं, डावीकडे किंचित झुकलेलं. त्याने उजवा हात खाली घेतला, पाठीमागे नेला आणि हनुवटी वर करून टेकडीवर बकऱ्या शोधू लागला.