डावीकडून दुसरं नळकांडं

आमच्या बैठकीच्या खोलीतली गॅसची शेगडी तपासायला एक माणूस आला. त्याने तिच्यावर लाल चिठ्ठी चिकटवली, "ही पुन्हा लावायची नाही" असं बजावलं आणि चहा पिऊन निघून गेला. त्यावर मी फक्त एवढंच म्हणालो, "थेल्मा, आपण लाकडाची शेगडी घेऊ या का?"

बस, एवढंच. पुढचं सगळं आपोआप झालं.

थेल्मा म्हणजे माझी बायको. थंडी पडली की तिची बोटं आखडतात आणि विणकामाच्या सुया बाजूला पडतात. मग तिला करायला काही उरत नाही आणि ती माझ्याकडे बघत बसते. (सहा महिने कुणी सतत आपल्याकडे बघत बसलं की आपण काय काय चुकीचं करतो ते सगळं बाहेर येतं.) आमची मुलगी जॅनिस लीड्सला असते. ती फोनवर म्हणाली, मी विजेची पाठवते, तिच्यात प्लास्टिकचे ओंडके असतात आणि आत लाल दिवा नाचतो. मी शाळेत फार दिवस टिकलेला माणूस नाही, पण दिव्यापुढे हात धरून बसायचं म्हणजे पावाच्या चित्राला लोणी लावण्यासारखं झालं.

"घे तुझी लाकडाची," थेल्मा म्हणाली. "पण आपला भाग धूरबंदीचा आहे, लक्षात ठेव. गावच्या कौन्सिलचं एक पत्र आलं, एकच हं विल्फ, तर तुझी शेगडी बाहेर आणि जॅनिसची आत."

मी कबूल झालो. नुसती शेगडीच तर आणायची होती.

दुकान पिकल्स नावाच्या गृहस्थांचं. आत तीस-चाळीस शेगड्या मांडलेल्या, सगळ्या काळ्या, सगळ्यांचं तोंड माझ्याकडे.

"किती किलोवॅटची हवी?" पिकल्सने विचारलं.

"आम्ही दोघंच असतो," मी म्हणालो.

"तसं नाही. खोली केवढी आहे?"

"सोफा मावतो, तिची खुर्ची मावते, माझी खुर्ची मावते. नाताळात झाड आणलं की माझी बाहेर काढावी लागते."

पिकल्सने डोळे मिटून जरा विचार केला आणि वहीत पाच लिहिलं. मग त्याने मला दोन शेगड्यांपुढे उभं केलं. दोघी जुळ्या बहिणींसारख्या.

"ही धूरबंदीत चालते. ती चालत नाही."

"तिने काय केलं?"

"काही केलं नाही हो. हिच्यात धूर पुन्हा जळतो."

"धूर जळतो?"

"जळतो."

"मग त्या जळलेल्या धुराचा धूर कुठे जातो?"

पिकल्सने वही मिटली. मला वाटतं, हे त्याला आधी कुणी विचारलं नसावं. शेवटी तो म्हणाला, "मिस्टर अ‍ॅक्रॉइड, ही इतकी स्वच्छ जळते की पेटली आहे हे कळायचंसुद्धा नाही." हे वाक्य मला फार आवडलं. मी तीच घेतली.

पुढच्या बुधवारी पिकल्स स्वतः येऊन ती बसवून गेला. धुराड्यातून खालपर्यंत पत्र्याचा पाइप सोडला. मग मला मागच्या अंगणात नेऊन वर बोट दाखवलं. आमच्या ओळीतली घरं एकाला एक चिकटलेली, त्यामुळे आमचं आणि शेजारच्या क्रॅबट्रीबाईंचं धुराडं एकच. त्यावर मातीची चार नळकांडी रांगेत उभी.

"डावीकडून दुसरं तुमचं," पिकल्स म्हणाला. "पाठ करून ठेवा. त्यातून धूर दिसता कामा नये. पेटवताना थोडा दिसेल, मग नाही."

मी पाठ केलं. (दुपारी थेल्माने विचारलं, साखर किती घालू? मी म्हणालो, डावीकडून दुसरं.)

जाण्याआधी त्याने शेगडी पेटवूनही दाखवली. काय सांगू! काचेमागे ज्वाळा अशा हळूहळू डोलत होत्या, जणू कुणी रेशमी रुमाल वाळत घातलेत. तासाभरात थेल्माची बोटं सुटली. तिने सुया उचलल्या आणि संध्याकाळपर्यंत पायमोज्याच्या बारा ओळी विणल्या. मी ज्वाळांकडे कमी आणि त्या सुयांकडेच जास्त बघत होतो. जॅनिसचा लाल दिवा आता ह्या घरात येणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पेटवली. कागद, वर काटक्या, वर ओंडका, दार बंद. मग कोट चढवून पुढच्या दाराने बाहेर पडलो, रस्ता ओलांडला, पोस्टाच्या पेटीपाशी उभा राहिलो आणि वर बघितलं.

डावीकडून दुसऱ्या नळकांड्यातून धूर निघत होता. थोडा नव्हे. पिवळा, काळा, मध्येच हिरवट.

मी धावत घरात आलो. (माझं धावणं म्हणजे काय, तर मी घरात पोचेपर्यंत थेल्माचा चहा पिऊन झालेला असतो.) शेगडीला हवा देणारी दांडी अर्धी आत ढकलली. हवा कमी तर धूर कमी, असा माझा हिशोब. परत बाहेर. धूर तसाच. परत आत, दांडी पूर्ण आत. परत बाहेर. थोडा वेळ थांबलो, धूर जरा विरळ झाला. मी समाधानाने घरी आलो.

शेगडी शांत होती. काच आतून काळी झाली होती, त्यामुळे काही दिसत नव्हतं. मला पिकल्सचं वाक्य आठवलं. पेटली आहे हे कळायचंसुद्धा नाही. खरंच कळत नव्हतं.

"विल्फ," थेल्मा म्हणाली, "ऊब नाही लागत."

"नव्या पद्धतीची ऊब आहे ती. सावकाश येते."

"माझ्या पायापर्यंत कधी येईल?"

मी अंदाज घेतला. "शनिवारपर्यंत."

शनिवार आला. थेल्मा कोट घालून मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसली होती. मला मात्र थंडी वाजत नव्हती, कारण मी दिवसातून चौदा-पंधरा वेळा रस्ता ओलांडत होतो. धूर काही हटत नव्हता. कधी सकाळी, कधी दुपारी, मी पेटवलेली असो नसो. (हे 'नसो' मी तेव्हाच नीट मनावर घ्यायला हवं होतं. पण मी एका वेळी एकाच गोष्टीचा विचार करतो आणि ती गोष्ट तेव्हा दांडी होती.)

पिकल्सला फोन केला. तो म्हणाला, लाकूड ओलं असेल, ओलावा वीस टक्क्यांच्या आत पाहिजे. त्याने दोन सुयांचं एक यंत्र पाठवलं. लाकडात सुया टोचल्या की आकडा येतो. माझं लाकूड निघालं सतरा. मग मी बटाट्यात टोचून बघितलं, दाराच्या चौकटीत टोचलं, माझ्या चपलेत टोचलं. शेवटी थेल्माने नाताळासाठी करून ठेवलेल्या केकमध्ये टोचलं.

"एकतीस," मी म्हणालो. "हा नाही पेटायचा."

तिने केक कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सोमवारी क्रॅबट्रीबाईंनी अंगणाच्या भिंतीवरून हाक मारली. बाई एकट्या. त्यांचे यजमान स्टॅन वसंतात गेले. सोमवार धुण्याचा, त्यामुळे त्यांच्या दोरीवर चादरी होत्या. मागे स्टॅनचा कबुतरखाना होता, पण बाईंनी तो मोडायला काढला होता आणि त्याच्या फळ्यांची चळत रोज थोडी खाली जात होती.

"मिस्टर अ‍ॅक्रॉइड! ह्या चादरीवर काय दिसतंय?"

"ठिपके."

"काळे ना?"

"काळे."

"कुणाचे?"

"माझे," मी म्हणालो. काय करणार? डोळ्यांनी बघितलेला धूर नाकारता येतो का? "मी धुऊन देतो."

"तुम्ही धुणार?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नको, आहेत तेवढे ठिपके पुरेत. हे बघा, राग मानू नका, पण मी कौन्सिलला कळवणार आहे. आणि हा घ्या, आलुबुखाराचा जॅम केलाय. थेल्माला द्या."

मी आभार मानले. जॅमचेही आणि तक्रारीचेही.

आठवड्याने पत्र आलं. थेल्माने ते चहाच्या किटलीखाली ठेवलं आणि मी चहा ओतायची वाट बघत बसली.

"एक पत्र, असं ठरलं होतं, विल्फ."

"हे पत्र नाही. भेटीची वेळ आहे. गुरुवार, अकरा वाजता."

"पाकिटातून आलंय."

"गुरुवारपर्यंत थांब गं."

ती थांबली. पण जॅनिसचा नंबर लिहून टेलिफोनपाशी ठेवला. स्वतःच्या मुलीचा नंबर! तो तिला पाठ आहे. तो मला दिसावा म्हणून ठेवला होता.

गुरुवारी कौन्सिलच्या मिस ब्रॉडबेंट आल्या. उंच बाई, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. दहापासूनच त्या पोस्टाच्या पेटीपाशी उभ्या होत्या. मी चौदा टक्क्यांचं लाकूड निवडून शेगडी पेटवली, दार लावलं, दांडी आत ढकलली आणि बाहेर गेलो. डावीकडून दुसऱ्या नळकांड्यातून धुराचा लोंढा वाहत होता. थेल्माचे आखडलेले हात डोळ्यांपुढे आले. आता संपलंच, असं मनात म्हणत मी मिस ब्रॉडबेंटपुढे जाऊन टोपी काढली.

"मीच तो," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"सतरा नंबरच्या घरातला. तो माझा धूर."

त्यांनी वहीत बघितलं, मग वर बघितलं. "तुमचं नळकांडं कुठलं?"

"डावीकडून दुसरं. बसवणाऱ्याने दाखवलंय."

"कुठे उभं राहून दाखवलं?"

"मागच्या अंगणात."

त्या एक पाऊल जवळ आल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आजोबा, अंगणात उभं राहून वर बघितलं की शेजारच्या बाईंचं घर तुमच्या कुठल्या हाताला येतं?"

"उजव्या."

"आणि इथून?"

मी घराकडे बघितलं. मग माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं. "डाव्या," मी म्हणालो.

"मग त्यांचं घर कधी हललं?"

"नाही हलत," मी म्हणालो. "एकोणचाळीस वर्षं तिथेच आहेत त्या."

मला वेळ लागला, खोटं कशाला सांगू. मी एकदा घराकडे पाठ केली, एकदा तोंड केलं, मनातल्या मनात अंगणात जाऊन आलो. इथून डावीकडून दुसरं नळकांडं माझं नव्हतंच. तेवढ्यात क्रॅबट्रीबाई हात पुसत बाहेर आल्या.

"पकडलंत का ह्यांना?"

"बाई, तुमच्या घरात आत्ता काय जळतंय?"

"माझ्या घरात? काही नाही. स्टॅनचा कबुतरखाना."

"म्हणजे आग पेटवली आहे?"

"आग कसली? आवराआवर चाललीय."

"रंगवलेल्या फळ्या आहेत का?"

"दर वर्षी रंगवायचा. हिरव्या." एवढं बोलून बाईंनी पहिल्यांदाच मागे वळून वर बघितलं. घरात बसून स्वतःचं धुराडं कुणाला दिसतं? त्या बघतच राहिल्या आणि सावकाश पायरीवर टेकल्या.

"म्हणजे चादरींवर स्टॅनच होता," त्या म्हणाल्या. "तरीच ते डाग ओळखीचे वाटत होते. चाळीस वर्षं कबुतरांत हात घालून तसाच येऊन झोपायचा."

 मग मिस ब्रॉडबेंटनी सांगितलं, फळ्या घेऊन जायला कौन्सिलची गाडी पाठवते, दंडाचं काही नाही, पण आजपासून हे बंद. बाईंनी मान हलवली. मला म्हणाल्या, "जॅम परत मागत नाही मी." आमच्याकडे माफी मागायची ही पद्धत आहे.

मी मात्र हवेत होतो. मिस ब्रॉडबेंट वही उघडून म्हणाल्या, "सतरा नंबरचं नळकांडं मी तासभर बघतेय. पेटवताना पुसटशी रेघ आली, मग काही नाही. अकरा वर्षांच्या नोकरीत इतकं स्वच्छ धुराडं बघितलं नाही. कसं करता? मला आत येऊन बघता येईल?"

मी त्यांना मिरवणुकीने आत नेलं. क्रॅबट्रीबाईसुद्धा मागून आल्या. थेल्मा कोटात बसली होती.

"पत्राचं काही नाही, थेल्मा!" मी म्हणालो. "शेगडी राहणार. सगळ्या गावात पहिली!"

मिस ब्रॉडबेंटनी शेगडीवर तळहात ठेवला.

"अहो, भाजेल!" मी ओरडलो.

त्यांनी हात काढला नाही. उलट दुसराही ठेवला. मग दार उघडलं. आत माझा ओंडका होता तसा होता, दुकानाची चिठ्ठीसुद्धा त्याच्यावर शाबूत होती. काटक्यांची टोकं काळी झाली होती. खालचा कागद एका कोपऱ्यात करपला होता.

थेल्माने वाकून बघितलं. "हे शब्दकोडं मी सकाळपासून शोधतेय," ती म्हणाली.

"हिच्यात हवाच नाही गेली," मिस ब्रॉडबेंट म्हणाल्या. "दांडी आत आहे. पेटल्या पेटल्या विझली असणार. रोज असंच करता?"

"दिवसातून चौदा वेळा," थेल्माने सांगितलं.

क्रॅबट्रीबाईंनी मला बाजूला सारलं, गुडघे टेकले, ओंडका बाहेर काढला, दांडी ओढली आणि एक काडी लावली. एकच. दहा मिनिटांत काच स्वच्छ झाली आणि ते रेशमी रुमाल पुन्हा डोलायला लागले. थेल्माने कोट काढला. बोटं मिटली, उघडली, परत मिटली आणि सुया हातात घेतल्या. मिस ब्रॉडबेंटनी बाहेर जाऊन वर बघितलं, परत आल्या आणि म्हणाल्या, पेटलेली असतानाही चोख आहे, ठेवा खुशाल.

मग सगळ्यांनी चहा घेतला. एकतीस टक्के केकसुद्धा निघाला. मिस ब्रॉडबेंट वहीत शेवटचं काहीतरी लिहीत होत्या.

"निवृत्त ना तुम्ही? आधी काय करायचात, आजोबा?"

(हे मी तुमच्यापासूनही आत्तापर्यंत लपवून ठेवलं होतं.)

"गालिच्यांच्या गिरणीत होतो," मी म्हणालो.

"मागावर?"

"नाही." मी कपात बघितलं. "बॉयलरवर. आग पेटती ठेवायचं काम. अडतीस वर्षं."

 थेल्माने टाके मोजले, ओळ पुरी केली आणि सुई फिरवून घेतली.

"बंद पडली ती गिरणी," ती म्हणाली.