पश्चिममुखी बोलेरो

बोलेरोच्या टपावर टीव्हीची छत्री बसवायची ही कल्पना तोतारामनानांची, आणि ती हाणून पाडायची जबाबदारी बेबाबाईंनी सकाळपासून एकटीने उचलली होती. पण गच्चीवरची छत्री उतरवून डोक्यावर घेतलेला जितेंद्र जिन्याने खाली आला, तेव्हा जळगावातल्या पिंप्राळ्याच्या त्या गल्लीला कळून चुकलं, की बेबाबाई हरल्या.

"अहो, टीव्ही घरात आणि छत्री गाडीवर! मग मी दिवसभर काय पाहू? भिंत?"

"आखाजीपुरतं गं. आक्का आली की परत लावतो."

"आणि नाही आल्या तर?"

नाना एकदम जितेंद्रवर ओरडले.

भिकुआक्का नानांची थोरली बहीण. आई शेतात असायची, त्यामुळे नानांना अंघोळ घालण्यापासून बडवण्यापर्यंत सगळं आक्कानेच केलेलं. ती धुळ्याच्या अलीकडे फागण्याला राहायची. यजमान गेले, मुलगा प्रेमराज नोकरीसाठी सुरतेला, आणि आक्का घरात एकटी. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सासुरवाशिणींचा सण. खानदेशात त्या दिवशी सत्तर वर्षांची बाईसुद्धा माहेरी येऊन झोक्यावर बसते आणि तिला कोणी हसत नाही. पण आक्का काही वर्षं आलीच नव्हती. नाना फोन करायचे आणि तिचं ठरलेलं उत्तर यायचं.

"कशी येऊ भाऊ? मनी मालिका बुडी जाई."

"मोबाईलवर देख ना आक्का!"

"मोबाईलमा मानसं मुंगीयेवढा दिसतस. तुनी गाडीमा टीव्ही शे का? नही ना? मंग ऱ्हाऊ दे."

आक्का थट्टेत बोलली असेल. नानांनी ते मनाला लावून घेतलं. निंबावरचा झोका रिकामा पाहिला की त्यांना घास गोड लागत नसे. यंदा आक्काला आणायचंच, स्वतः तिला घ्यायला जाणारा मुराळी होऊन आणायचं, आणि वाटेत तिची एकही मालिका बुडू द्यायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

जितेंद्र डिशची कामं करणारा. त्याने समजावण्याचा प्रयत्न केला. "नाना, छत्रीला सॅटेलाईट दिसायला पाहिजे. तो इथून दक्षिणेला, जरासा पूर्वेकडे. गाडी वळली की छत्रीचं तोंड फिरणार."

"फिरेल कसं? वेल्डिंगला नथ्थूला बोलावलंय मी."

"अहो, छत्री नाही फिरणार, गाडी फिरेल!"

"गाडी मी चालवणार आहे ना? मग कशी फिरेल?"

नानांचं उभं आयुष्य केळीचे ट्रक भरून देण्यात गेलेलं. घड हलला की माल काळा पडतो, हे त्यांच्या रक्तात मुरलं होतं. त्यांनी भरलेल्या ट्रकात घडांच्या मधून मुंगीलाही वाट मिळत नसे. संसारातली प्रत्येक वस्तू ते त्याच हिशेबाने बसवत. त्यांच्या घरातलं देवघर भिंतीला बोल्टने आवळलेलं होतं. तेव्हा छत्री नुसत्या नटांवर ठेवणं त्यांना पटणारच नव्हतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या नथ्थूने चारही पायांना वेल्डिंग केलं, मधून लोखंडी अँगल टाकले, आणि मग स्वतः छत्रीला लोंबकळून दाखवलं.

गल्लीच्या पूर्वेकडे गटारीचं काम चालू होतं, म्हणून बोलेरो पश्चिमेला तोंड करून उभी होती. त्याच स्थितीत जितेंद्रने चित्र मिळवलं. पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, मागे तोंड करून, जितेंद्रने आणलेला छोटा टीव्ही आवळला होता. त्यात एक सासू सुनेकडे डोळे वटारून बघायला लागली आणि नानांनी टाळ्या वाजवल्या. "सोबत चल," ते जितेंद्रला म्हणाले. "वाटेत काही झालं तर?"

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी स्वारी निघाली. जळगावहून धुळ्याकडे जाणारा हमरस्ता जवळजवळ नाकासमोर पश्चिमेला जातो. त्यामुळे पाळधी गेलं, एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तरी चित्र कायम. वळणावर सासूचे तुकडे व्हायचे, रस्ता सरळ झाला की ती पुन्हा डोळे वटारायची. "बघ!" नाना म्हणाले. "म्हणे गाडी फिरेल!" जितेंद्रला पुढचं दिसत होतं, पण सणाच्या तोंडावर नानांचा हिरमोड करायला त्याचं मन धजावेना.

फागण्यात आक्का ओट्यावरच बसलेली होती. शेजारी बांधून ठेवलेली पिशवी. भाऊ गाडीतून उतरताना पाहिला आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

"तू सोता उना रे भाऊ?"

"सोता उनू. अन् देख, टीव्ही बी लयना!"

आक्काने टपाकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, मग भावाकडे जरा काळजीने पाहिलं. पिशवी घेऊन ती मधल्या सीटवर बसली. नानांनी गाडी हमरस्त्यावर आणली, जळगावच्या दिशेने वळवली आणि टीव्ही निळा पडला.

"सिग्नल गेला," जितेंद्र म्हणाला. हे वाक्य तो सकाळपासून तोंडात धरून बसला होता.

"आणू परत!"

"कसा आणणार? आता गाडी पूर्वेला चालली. छत्री आता उत्तरेला, सातपुड्याकडे बघतेय. तिकडे काही नाही."

नाना उतरून टपावर चढले. छत्रीला धक्का दिला, खांदा लावला, शेवटी पाय लावला. नथ्थूचं काम होतं. बोलेरो हलली, छत्री हलली नाही. आतून आक्का म्हणाली, "भाऊ, ऐक तं..."

"आक्का, तू उतरू नको! आते करस!"

वेल्डिंगवाला शोधायला नाना पायी गावात गेले. तो सापडला, पण पत्त्यांच्या डावात. आखाजीचे पत्ते टाकून आजवर फागण्यातला कोणी उठलेला नव्हता. "डाव सोडला तर वर्षभर हातात पान येत नाही, नाना. परवा या," असं त्याने पानांवरची नजर न काढता सांगितलं.

नाना परत आले ते नवा विचार घेऊन. गाडीचं तोंड पश्चिमेला पाहिजे ना? मग तोंड पश्चिमेलाच ठेवू. फक्त जाऊ पूर्वेला.

"म्हणजे रिव्हर्समध्ये?" जितेंद्रला घाम फुटला. "नाना, जळगाव केवढं लांब आहे!"

"सर्व्हिस रोडने जाऊ. सावकाश."

गाडी फिरवताच सासू पुन्हा अवतरली. नानांनी मान मागे वळवली आणि बोलेरो पाठीच्या दिशेने माहेरी निघाली. म्हशींचा एक कळप बाजूला झाला, एक मोटारसायकलवाला शेतात गेला. थोड्याच वेळात नानांची मान तशीच अडकली. तेवढ्यात महामार्ग पोलिसांची जीप आडवी आली.

"काका, गाडी उलटी का चालवताय?"

"साहेब, हिचं तोंड पश्चिमेला लागतं," वाकड्या मानेने नाना म्हणाले.

पोलिसाने नानांच्या तोंडाचा वास घेतला. वास फक्त कैरीच्या लोणच्याचा होता. मग त्याने टपावरची छत्री पाहिली, आत टीव्ही पाहिला, हात जोडून बसलेली आक्का पाहिली. असा गुन्हा कशात बसतो हे त्यालाही आठवेना. "रिव्हर्समध्ये एक फूटही जायचं नाही," एवढं बजावून तो गेला.

"भाऊ, मी काय म्हनस..." आक्का पुन्हा म्हणाली.

"आक्का, तुले तुना भाऊवर इस्वास नही का?" नाना म्हणाले. बहीण गाडीत बसलेली, माहेर समोर, आणि आता ती 'ऱ्हाऊ दे' म्हणून उतरणार, या भीतीने त्यांचं काळीज हललं होतं. ते सोडून बाकी सगळं पक्कं होतं.

आणि अशा वेळी सुरतेला केळी उतरवून सावद्याकडे रिकामा चाललेला अभिमनचा ट्रक येऊन थांबला. अभिमनचे ट्रक नानाच भरून द्यायचे.

"काय नाना, गाडी बंद पडली का?"

नानांनी ट्रककडे पाहिलं, बोलेरोकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. आता काम त्यांच्या विषयावर आलं होतं.

रस्त्याकडेच्या जिनिंगला कापसाच्या गाठी चढवायचा उंच ओटा होता. त्याला ट्रकची पाठ लावली आणि बोलेरो उलटी आत घेतली. ट्रकचं तोंड जळगावला, बोलेरोचं धुळ्याला. ट्रकात केळीची वाळकी पानं पडलेली होतीच. नानांनी ती चाकांभोवती ठासली, दोरखंड आवळले, आणि घड तपासावा तशी बोलेरो हलवून पाहिली. तसूभर हलली नाही. मागचा फळका उघडा ठेवला. आक्का मधल्या सीटवर, समोर टीव्ही, चित्र लख्ख. आक्काने तोंड उघडलं, पण नाना तोवर जितेंद्रला घेऊन अभिमनशेजारी जाऊन बसलेही होते.

पारोळ्याला नानांनी फोन केला. "आक्का, दिसस का?"

"दिसस रे भाऊ! बठ्ठं दिसस!"

नाना तृप्त झाले. एरंडोलजवळ मात्र त्यांच्या लक्षात आलं, की रस्त्यावरचे लोक ट्रक पुढे गेल्यावर हात जोडतायत. एका बाईने तर मुलाचं डोकं वाकवलं. पाळधीला कोणीतरी फुलं टाकली. "कोणती देवी हो?" एका म्हाताऱ्याने विचारलं. "मनी बहीन शे," नानांनी खिडकीतून सांगितलं. म्हाताऱ्याने तरीही हात जोडले.

पिंप्राळ्यात गटारीच्या मातीच्या ढिगाला ट्रकची पाठ लावली, तेव्हा निम्मी गल्ली जमली होती. बेबाबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या. नाना मागे धावले आणि थबकले. मधलं सीट रिकामं होतं. टीव्हीतली सासू मोकळ्या सीटकडे बघून डोळे वटारत होती. आक्का पुढच्या सीटवर, टीव्हीकडे पाठ करून, काच खाली घेऊन बसली होती. तिच्या मांडीवर फुलं होती.

"आक्का, मालिकेत काय झालं शेवटी?" जितेंद्रने विचारलं.

"कोनती मालिका?"

"म्हणजे? तुमचीच! रोज बघता ती!"

"माले काय माहीत त्यामा कोन कोननी सून शे?" आक्का म्हणाली. "घर भायभाय करस. टीव्ही लाव, ते कोनी बोली ऱ्हायनं असं वाटस."

"मंग फोनवर दर साल काय सांगे तू?" नानांनी विचारलं.

"अन् तू काय सांगे? 'आक्का, एस्टीमा बठ अन् ये.' आखाजीले बहीन सोताच एस्टीमा बठीसन जास का रे? मुराळी लागस. ते काय मी सोताना तोंडघाई मांगू? काही तरी सांगनं पडे, म्हनीसन टीव्ही सांगे."

"मंग फागण्यामा तरी..."

"तठे तेच सांगी ऱ्हायंती ना! 'टीव्ही बंद कर, चाल, माले काही नको.' तू बोलू देस का?"

नानांना रडावं की हसावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. वाकडी मान घेऊन त्यांनी आक्काला हाताने उतरवलं. बेबाबाईंनी दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि जाता जाता एकदा बोलेरोवरूनही फिरवला.

आखाजी थाटात झाली. आक्का झोक्यावर बसली, नानांनी झोका दिला, आमरसाला चव होती. आक्काचा जायचा दिवस उजाडला. नानांनी बोलेरो पुसून अंगणासमोर उभी केली. तोंड पश्चिमेला, टीव्हीत चित्र आरशासारखं. आता फागण्यापर्यंत सगळं सरळ होतं. नानांच्या कल्पनेचा खरा दिवस आज होता.

आक्का पिशवी घेऊन बाहेर आली आणि तिने गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकली.

"ट्रक कोठे शे?"

"ट्रक कसाले आक्का? आते गाडी सरळ जास, टीव्ही बी चालस!"

"टीव्ही कोनले देखना शे? तो काढी टाक, देखाले आडवा येस." बेबाबाई हे ऐकताच पाना आणायला आत पळाल्या. आक्काने भावाचा हात धरला. "ट्रक बलाव रे भाऊ. वरथून बठ्ठी गावं दिसतस. उनू तवय सासर मांगे जातांना दिसनं. आते माहेर दिसू दे. दिसी तठलोंग देखसू."

नानांनी फोन काढला.

"अभिमन, ट्रक घेऊन ये बरं घरी. हो, बोलेरोच." त्यांनी आक्काकडे पाहिलं. "नाही भो, सरळ नको. उलटीच चढवायची."