ऑरव्हिलचं तोंड उघडलं तेव्हा

ऑरव्हिल हेनिकेचं तोंड उघडं राहिलं, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

दुसऱ्या कोणाचं राहिलं असतं तर खपून गेलं असतं. पण ऑरव्हिल एकतीस वर्षं ओमाहाच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी कॉलेजा-कॉलेजांतून पोरं हेरत हिंडत होता, आणि त्या धंद्याचा पहिला नियम असा की जो पोरगा आवडला त्याच्याकडे बघताना चेहरा कोरा ठेवायचा. आपल्याला कोण आवडलं हे कळलं, की एप्रिलअखेरच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे सगळे संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तेव्हा, दुसरा संघ आपल्या आधी त्याला उचलतो. त्यामुळे वसंत ऋतूत हे पारखी लोक एकमेकांना घड्याळातली वेळसुद्धा खरी सांगत नाहीत. ऑरव्हिलचा चेहरा तर इतका पक्का की इतर संघांचे पारखी त्याला धोंडा म्हणत, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात हेवा असे.

मार्चमधल्या त्या दिवशी कॅन्सासच्या मिल फोर्क कॉलेजच्या मैदानावर असे सहा पारखी टोप्या धरून उभे होते. टोप्या धरल्या नसत्या तर वाऱ्याने त्या शेजारच्या राज्यात नेल्या असत्या. पळत जाऊन चेंडू झेलणारे, म्हणजे रिसीव्हर, दोनच होते. एक डेल्ट्रिक पेटवे, काटकुळा आणि अबोल. दुसरा नोलन फ्रीझन, मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या गोठेवाल्या घरातला. पेटवेला मधूनमधून दम खायला मिळावा एवढ्याचसाठी तो धावत होता, आणि ते त्याने आल्या आल्या सर्वांना सांगूनही टाकलं होतं. त्या घरात खोटं बोलायची पद्धतच नव्हती.

शेवटचा चेंडू पेटवेसाठी फेकला गेला आणि वाऱ्याने तो पळवला. चेंडू त्याच्या मागे, डोक्याच्या बराच वर आणि रेघेबाहेर चालला होता. तो सोडून दिला असता तरी कोणी त्याला नाव ठेवलं नसतं. पेटवे धावता धावता हवेत उठला, तिथेच मागे वळला, आणि एक हात वर गेला. चेंडू त्या हाताला येऊन शांत झाला. कोणी झोपेत कूस बदलावी इतक्या सहज ते सगळं झालं. मग त्याच्या बुटांची दोन टोकं रेघेच्या आत, एकामागून एक, गवताला लागली. वारासुद्धा क्षणभर थांबल्यासारखा ऑरव्हिलला वाटला. एकतीस वर्षांत त्याने हजारो झेल पाहिले होते आणि त्यातला हा पहिलाच आहे असं त्याला वाटलं.

पेटवेने चेंडू परत केला. "सॉरी कोच, जरा उशिरा वळलो," तो म्हणाला.

"धोंड्या," शेजारून आवाज आला, "तुझं तोंड उघडं आहे."

हा सॅल मॅन्कूसो, प्रॉव्हिडन्सच्या संघाचा पारखी. झेल घेतला गेला तेव्हा तो खाली वाकून उडालेले कागद गोळा करत होता. बाकीचे चौघेही आपापल्या टोप्यांमागे धावले होते.

"जांभई आली," ऑरव्हिल म्हणाला.

"डोळे एवढे मोठे करून? लेका, जांभई बायकोला सांग. कोणाला बघितलंस?"

ऑरव्हिलला काहीतरी तातडीने करणं भाग होतं. समोर फ्रीझन बुटाची नाडी बांधत बसला होता. ऑरव्हिल तडक त्याच्याकडे गेला, मोठ्या पंजात चेंडू टिकतो म्हणून पारखी मोजतात तसा खिशातून टेप काढून त्याचा तळहात मोजला, त्याच्या आईचं नाव विचारलं, आणि ते वहीत लिहूनही घेतलं. धोंड्याने कोणाच्या आईचं नाव लिहून घेतल्याचं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. मिनिटभरात बाकीचे पाचही टेपा काढून रांगेत उभे राहिले.

"सर, तुमची काहीतरी चूक होतेय," फ्रीझन म्हणाला. "मी संथ आहे. जूनपासून मी जनावरांच्या डॉक्टरकीला चाललोय. पेटवेला बघा."

"नम्र आहे," सॅलने वहीत लिहिलं.

पेटवे चेंडू गोळा करून पिशवीत भरत होता. ते झाल्यावर तो ऑरव्हिलपाशी आला आणि त्याने उजवा हात पुढे केला. "सर, माझा हात मोजायचा राहिला."

सॅल दोन पावलांवर कान टवकारून उभा होता. "पुढच्या वेळी," ऑरव्हिल म्हणाला, आणि ते म्हणताना त्याला स्वतःची लाज वाटली. पुढची वेळ नसते, हे दोघांनाही माहीत होतं. गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की हातातलं स्टॉपवॉच अजून चालूच आहे.

पुढे जे झालं त्यावर त्याचा काही इलाज नव्हता. एप्रिल लागताच चौदा संघांचे लोक फ्रीझनच्या गोठ्यावर पोचले. चाळीस यार्ड पळायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ओझं घेतलेला माणूसही पोचला असता. गवत ओलं असेल, असं ठरलं. कोरड्या गवतावर तो आणखी सावकाश पळाला, तेव्हा पोरगा वेग लपवतोय हे सर्वांनाच पटलं. "मी खरंच संथ आहे हो," तो काकुळतीने सांगत राहिला. ओमाहावाल्यांनी काय पढवून ठेवलंय पोराला, असं म्हणत मंडळी परतली. एप्रिल महिन्यात खरं बोलणारा माणूस त्यांच्यापैकी कोणी पाहिलाच नव्हता.

ऑरव्हिलने आपल्या अहवालात पेटवेला सर्वांत वरचे गुण दिले. त्याचे साहेब लायल प्रेंटिस अडतीस वर्षांचे होते आणि आपण कोणाकडून फसत नाही याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांनी दार लावून घेतलं.

"हा कागद बाहेर फुटावा म्हणून लिहिलात ना? झकास. आता खरा दाखवा."

"साहेब, हाच खरा आहे."

"ऑरव्हिल, मी परका आहे का? तुमचं तोंड फ्रीझनला बघून उघडलं, हे अख्ख्या देशाला माहीत आहे."

"तुम्ही त्या दिवशीची चित्रफीत तरी बघा."

साहेबांनी ती बघितली होती. वाऱ्याने कॅमेरा हलला होता, आणि त्या झेलाच्या जागी पेटवेचा एक बूट आणि पुष्कळसं आकाश दिसत होतं.

ऑरव्हिलने शेवटी पेटवेला फोन केला. आईने त्याच्यासाठी मांसाच्या कारखान्यात शब्द टाकला होता, ड्राफ्टनंतरच्या सोमवारपासून कामावर हजर व्हायचं होतं.

"कोणी विचारलंच नाही, सर. मला चेंडू धरता येत नाही का? स्पष्ट सांगा, वाईट नाही वाटणार."

"तुझ्यासारखा झेल मी जन्मात पाहिला नाही, बाळा."

"एप्रिल आहे, सर," पेटवे हळूच म्हणाला. "कोच म्हणालेत, एप्रिलमध्ये तुम्हा लोकांचं काही मनावर घेऊ नकोस."

ऑरव्हिलला त्या रात्री जेवण गेलं नाही.

ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत ओमाहाच्या अगदी आधी प्रॉव्हिडन्सने नोलन फ्रीझनला उचललं. प्रेंटिससाहेबांनी पेन्सिल मोडली. चौथ्या फेरीत ऑरव्हिल म्हणाला, "पेटवे." पाचव्यात आणि सहाव्यातही तेच. "कोणाला लपवताय ते मला कळू द्या ना," साहेब दर वेळी कुजबुजत आणि दुसऱ्याच पोराचं नाव धाडत. सातवी फेरी आली. ती शेवटची, आणि तिच्यात ओमाहाची एकच निवड उरली होती. नाव धाडायला घड्याळात दोन मिनिटं होती. पेटवेचा कारखान्यातला सोमवार आता दोनच दिवसांवर आला होता.

ऑरव्हिल उठून साहेबांच्या कानाशी गेला. त्याचा चेहरा एकदम कोरा झाला.

"साहेब, एक विनंती. त्या पेटवेला तेवढं घेऊ नका."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "का बरं?"

"हात लहान आहेत."

"किती?"

"मोजले नाहीत."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "एकतीस वर्षं पोरांचे हात मोजणारा माणूस, आणि नेमके याचेच मोजले नाहीत? बाहेर फुटू नये म्हणूनच ना? वा, ऑरव्हिल. सगळा महिना मला खेळवलंत." त्यांनी चिठ्ठीवर पेटवेचं नाव लिहिलं आणि धाडलं. "पण शेवटी तुम्हाला वाचायला शिकलो मी."

"शिकलात, साहेब," ऑरव्हिल म्हणाला, आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

जुलैमध्ये सरावाचं शिबिर लागलं. तिकडे प्रॉव्हिडन्समध्ये फ्रीझनने पहिल्याच दिवशी सर्वांना आपण संथ असल्याचं सांगितलं आणि आठवड्याभरात स्टॉपवॉचने त्याचीच बाजू घेतली. तो आनंदाने जनावरांच्या डॉक्टरकीकडे निघाला. इकडे ओमाहात एका सकाळी लांबचा चेंडू फसला, रेघेबाहेर निघाला, आणि एक काटकुळा पोरगा हवेत उठून मागे वळला. एक हात वर गेला. मैदानावरची नव्वद माणसं जागच्या जागी उभी राहिली. पाणी वाटणारा पाणी ओततच राहिला.

प्रेंटिससाहेबांचं तोंड उघडं होतं. ते ऑरव्हिलकडे वळले.

"मार्चमध्ये असाच धरला होता का हो?"

"नाही, साहेब. तेव्हा याहून भारी होता."

"खोटारडे," साहेब प्रेमाने म्हणाले.

पेटवे धापा टाकत कडेला आला. त्याने ऑरव्हिलसमोर उजवा हात पसरला. ऑरव्हिलने टेप काढली. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साडेदहा इंच भरले. त्याने पुन्हा मोजलं, कारण इतका मोठा पंजा त्याच्या टेपेखाली कधी आला नव्हता, आणि तो हात त्याला लगेच सोडवेना.

"किती?" मागून साहेबांनी विचारलं.

ऑरव्हिलने टेप गुंडाळून खिशात टाकली. "लहान आहेत, साहेब."

"वाटलंच मला," प्रेंटिससाहेब खूश होऊन म्हणाले.