फिरत्या टेपवर माझी भर

मी कोणाचे फुकट घेत नाही. हे आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यातूनच झाले.

माझ्याकडे एक जुना मिनिकॉम्प्युटर आहे. मिनी म्हणजे कपाटाएवढा. (त्या काळी बाकीचे खोलीएवढे असत.) ज्या कारखान्यात मी तो तीस वर्षे चालवला तिथे तो भंगारात निघाला. मी उचलून घरी आणला आणि मागच्या खोलीत ठेवला. खोली माझ्या बायकोची होती. ही एवढेच म्हणाली, की खोली तुम्ही घेतलीत, तर यंत्रातली एक डिस्क माझी. दिली. वरच्या खाचेत माझी डिस्क, खालच्या खाचेत हिची. ही निवृत्त टायपिस्ट. काहीतरी टाइप करत असेल म्हणून मी कधी डोकावलो नाही.

असली यंत्रे सांभाळणारे आम्ही अकरा जण आहोत. आमच्यात एक टेप फिरते. ताटलीएवढे रीळ, पोस्टाने येते. तिच्यावर सभासदांनी लिहिलेले लहानसहान उपयोगी प्रोग्राम असतात. हवे ते उतरवून घ्यायचे, आपले काही असेल ते घालायचे, दुसऱ्याचे सुधारता आले तर सुधारायचे, आणि आठ दिवसांत पुढच्याला पाठवायची. पैशाचा संबंध नाही. सोबत एक वही असते, तिच्यात काय घेतले आणि काय दिले ते लिहायचे. माझ्या नावापुढे सात फेऱ्या एकच शब्द होता : घेतले.

यंदा सचिवांनी वहीत लाल शाईने लिहिले, की या फेरीत जो काही देणार नाही त्याचे नाव कमी होईल. बाकीचे दहा जण इंजिनिअर, डॉक्टर असे शिकलेले. मी सातवी पास ऑपरेटर. लाल शाई कोणासाठी होती ते मला कळले.

मी द्यायचे ठरवले. दोन महिने खपून एक प्रोग्राम लिहिला. कसलीही यादी द्या, तो क्रमाने लावून छापतो. टेपवर उतरवला आणि वहीत लिहिले, "घरोघरी उपयोगी. रोज चालवावा. माझ्या तीस वर्षांचे सार यात आहे."

टेपवर काय उतरले ते पडताळून पाहायची पद्धत आहे. ज्याला स्वतःवर भरवसा नाही तो पडताळतो. मी रीळ डब्यात घातले.

"पडताळलंत का?" हिने विचारले.

मी डब्याला दोरी बांधली आणि पोस्टात निघालो. 

महिन्याभराने पहिले पत्र आले. एका सभासदाने लिहिले होते, की स्वतःबद्दल इतके उघड लिहायला छाती लागते. यादी लावण्यात छातीचा काय संबंध ते मला कळेना. पण स्तुती होती. ठेवून घेतली.

मग दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. तेही सभासद.

"नळ झाला का?"

"कोणता नळ?"

"न्हाणीघरातला. आज चारशे तीस दिवस झाले."

मी फोन ठेवला. न्हाणीघरात गेलो. नळ गळत होता. पण नळ काही कोणाला पत्र लिहीत नाही. मी हिला विचारले, तू त्या डॉक्टरांकडे गेली होतीस का. ही म्हणाली, माझे दात शाबूत आहेत, तुमचेच हलतात.

आपल्यावर कोणीतरी नजर ठेवतो आहे असे मला वाटू लागले. न्हाणीघराची खिडकी लावायला गेलो तर कडी तुटलेली. दोन दिवसांनी तिसऱ्या सभासदाचे कार्ड आले : "कडीचे काय झाले? तुमचा प्रोग्राम आमच्याकडे रोज चालतो. बायको खूश आहे. मी नाही."

मी पोस्टमनची उलटतपासणी घेतली. तो आता पत्रे फाटकातूनच टाकतो.

चार महिन्यांनी टेप परत आली. मी ती चढवली आणि माझा प्रोग्राम चालवला. यंत्राने विचारले : काम कोणते? कधी करतो म्हणाले? कारण काय सांगितले? आणि मग छापू लागले. नळ. कडी. माळ्यावरचा दिवा. हलणारा पाट. प्रत्येकापुढे, उद्या करतो म्हटल्याला किती दिवस झाले तो आकडा. त्याखाली दातांच्या डॉक्टरांच्या घरची कामे, टेप त्यांच्याकडे असताना भरलेली. त्याखाली सचिवांची. कागद जमिनीवर पोचला, खुर्चीखाली गेला, तरी छपाई थांबेना.

ही दारात उभी होती.

"हे माझं आहे," ही म्हणाली. "यंत्राचं तुमचंच पुस्तक वाचून लिहिलं. टेप पाठवलीत त्या आठवड्यात वरची खाच घरघरत होती. तुम्ही तुमची डिस्क खाली घातलीत आणि माझी वर. मग सवयीनं वरच्या खाचेतूनच उतरवलंत."

म्हणजे मी काहीच दिले नव्हते. माझे नाव गेले, हे उघड होते. मी वही उघडली. शेवटच्या पानावर लाल शाई होतीच.

"या फेरीतला सर्वांत उपयोगी प्रोग्राम. सर्व घरांत चालू. सभासदत्व लिहिणाऱ्याचे असते, पाठवणाऱ्याचे नाही." त्याखाली माझे नाव खोडून हिचे नाव लिहिले होते. त्याखाली, बारीक अक्षरात : "यंत्र चालवणारे : मिस्टर."

"तू लिहिलंस हे यांना कोणी सांगितलं?"

"प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत माझं नाव आहे. पडताळलं असतंत तर दिसलं असतं."

आता टेप हिच्या नावाने येते. माझा प्रोग्रामही वाया गेला नाही. हिने तो स्वतःच्या प्रोग्रामला जोडला आणि वहीत लिहिले, "किरकोळ सुधारणा, घरच्या माणसाकडून." त्यामुळे अकरा घरांची कामे आता क्रमाने छापली जातात, सर्वांत जास्त दिवस रखडलेले पहिले.

माझा प्रोग्राम बिनचूक चालतो. प्रत्येक घरात, प्रत्येक वेळी, आमचा नळ सगळ्यांत वर येतो.