पोवळ्याच्या रक्षणार्थ लांबचोच्या सरदाराची नेमणूक

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास दिवाणखान्यातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत फुलपाखरू मासा दाखल जाहला. वर्तमान इतकेच. परंतु त्यामागे ज्या मसलती, रुसवे आणि गार जेवणे घडली, ती पुढील पिढ्यांस ठाऊक असावी, सबब हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे.

टाकीचे धनी विमा कचेरीतील साहेब, पंपाधिपती, क्षारजलप्रतिपालक. टाकीतील पोवळे मात्र त्यांच्या कुटुंबाचे, ज्या दातांच्या डॉक्टर. नखाएवढा तुकडा आणोन बाईसाहेबांनी तळहाताएवढा जांभळ्या टोकांचा मुलूख वाढविला, आणि रोगी खुर्चीत आ वासोन पडला असतांही टाकीचे तापमान फोनवर पाहिले, ऐसी माया. त्या मुलखाच्या सीमेवर खडकाच्या फटींतून उपद्रवी समुद्रफुले उगवली. दिसावयास नाजूक, परंतु ज्यास टेकावे त्यास डंख करावा ऐसी जात. साहेबांनी शौर्य करोन एक उपटिले, तो त्याच्या चिंध्यांतून चार उभी राहिली, आणि मग पोवळ्याची एक फांदी पांढरी पडली. तेव्हा हुकूम सुटला की, बंदोबस्त न जाहल्यास पोवळे दवाखान्यात हलविले जाईल आणि रिकाम्या टाकीत साहेबांनी स्वतः बसावे.

साहेबांची पाचावर धारण बसली आणि त्यांनी मेहुण्यांस पाचारण केले. मेहुण्यांनी उभ्या हयातीत एक सोनमासा पाळिला आणि तोही शेजाऱ्याच्या गळ्यात मारिला, परंतु चित्रफिती पाहोन या विद्येत सर्वज्ञ.

“भावोजी, फुलपाखरू मासा आणा,” ते म्हणाले. “समुद्रफुलं शेंगदाण्यासारखी फस्त करतो.”

यात पेच ऐसा की समुद्रफूल आणि पोवळे एकाच कुळीचे भाऊबंद. ज्या शिपायास चोराचे मांस रुचते, त्यास धन्याचेही रुचावे, आणि या जातीचे बहुतेक सरदार तर पोवळ्यावरच पोसलेले. हे मेहुण्यांच्या चित्रफितीत शेवटास होते, आणि शेवट पाहण्याचा त्यांचा रिवाज नाही.

मग तिघांची स्वारी मत्स्यविक्रेत्याच्या दुकानी गेली. तेथे डोळ्यांवर काळी पट्टी बांधिलेला एक पिवळा सरदार पाहोन साहेब पाघळले.

“साहेब, बिनधास्त न्या,” दुकानदार म्हणाला. “तीन महिने झाले, माझ्याकडे एकाही पोवळ्याला तोंड लावलं नाही यानं.”

साहेबांनी पाकीट काढिले. मेहुण्यांनी मान डोलाविली. बाईसाहेबांनी काचेस नाक लाविले. आत प्लास्टिकच्या नळीचा तुकडा आणि बुडबुड्यांचा दगड, याउपर काही नाही.

“तुमच्या टाकीत पोवळं आहे कुठे?”

“तेच तर सांगतोय मॅडम. नाही लावलं तोंड.”

पाकीट परत खिशात गेले. मग पाठीवर पांढरा त्रिकोण असलेला दुसरा सरदार पेश जाहला. हा पाण्यात तरंगते तितकेच टिपतो, पोवळ्याच्या वाटेस जात नाही, आणि समुद्रफुलाच्याही नाही.

“म्हणजे सेफ आहे की, ताई!” मेहुणे म्हणाले.

“सेफ तर फुलदाणीही असते,” ताई म्हणाल्या.

यानंतर बाईसाहेबांनी पर्समधील विजेरी काढोन एकेका उमेदवाराचे तोंड तपासिले, आणि साहेबांस कळेना की आपण मासा घेतो आहो की दाढ काढवितो आहो. पिवळ्याचे तोंड आखूड आणि ब्रशासारखे, म्हणजे खरवडणारा, बाद. कोपऱ्यात तांबड्या पट्ट्यांचा एक होता, त्याची चोच लांब, निमुळती, फटीत शिरणारी.

“अगदी माझा चिमटा!” बाईसाहेब उद्गारल्या, आणि तेथेच निकाल लागला.

दुकानदाराने त्यास कोळंबीचा कीस घालोन तो खातो हे दाखविले. मग त्याच्या जिवास काय वाटले कोण जाणे, तो खरे बोलिला. “मॅडम, हा समुद्रफुलं खातो. पण कधीकधी एखादा पोवळंही चाखतो हां. जिवंत जनावर आहे, गॅरंटी नाही देता येत.”

“अगं, तो म्हणतोय कधीकधी...” साहेब म्हणाले.

“अहो, मी रोज तोंडं बघते.”

येणेप्रमाणे नेमणूक जाहली. सरदाराने दोन दिवस खडकाआड बसोन मुलूख पाहिला, तिसरे दिवशी चोच चालविली, आणि आठवड्यात सरहद्द दरोबस्त साफ केली. फांदीवर पुनः रंग चढू लागला. साहेबांनी कचेरीत पेढे वाटिले. “मी म्हटलंच होतं, फुलपाखरू,” ऐसे मेहुण्यांनी फोनवर सर्व नातलगांस कळविले. बाईसाहेबांनी चिमट्याचा फोटो माशाच्या फोटोशेजारी ठेवोन भिंतीवर लाविला. सबब मोहीम फत्ते जाहली, असे येथे रीतसर नमूद केले.

शाई वाळते आहे तो ताजी खबर. फटीत दडोन उरलेले शेवटचे समुद्रफूलही आज दुपारी सरदाराच्या पोटात गेले. तेव्हापासोन सरदार जांभळ्या टोकांसमोर उभा आहे. मध्ये बोटभर पाणी. दवाखान्यात रोगी खोळंबले आहेत आणि बाईसाहेब टाकीपुढे स्टुलावर, हातात खरा चिमटा.

“अहो,” त्यांनी पुसिले, “आता हा खाणार काय?”

साहेब कोळंबी किसावयास स्वयंपाकघरात धावले आहेत. चोच अद्याप लागलेली नाही.